डाउट टेबलावर आलेले लग्न

माझ्या सुनेचे नाव अमिता आहे. ती पंचेचाळीस वर्षांची आहे. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती नंदानगरातील आमच्या घरातून निघते. तिच्या पर्समध्ये नेहमी दोन चष्मे असतात, कारण एक फुटला तरी काम थांबता कामा नये, असे तिला वाटते.

तिच्याविषयी लिहायचे मी ठरवले तेव्हा आमच्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या इंदुमतीबाईंनी सांगितले की, व्यक्तीचे गुण लिहावेत आणि तिच्या आयुष्यातील एक प्रसंग लिहावा. गुण मी थोडक्यात लिहीन. प्रसंग मात्र मला पूर्ण लिहावा लागेल, कारण त्यात माझी सही आहे. हे सर्व मी अमिताला विचारून लिहीत आहे.

अमिता देवासची. तेवीस वर्षांपूर्वी माझा मुलगा निशांत याच्याशी तिचे लग्न झाले. निशांत छापखान्यात कामाला होता. आठ वर्षांपूर्वी काविळीने तो गेला. माझी नात शर्वरी तेव्हा अकरा वर्षांची होती. अमिता दहा महिने घरातून बाहेर पडली नाही. नंतर ती कंप्यूटर शिकली आणि विजयनगरमधील एका कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला लागली. घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालते.

तिचा मुख्य गुण असा की ती नियम मोडत नाही. बसचे तिकीट ती घराचे दार उघडेपर्यंत हातात धरून ठेवते. हा गुण आहे की भीती आहे, हे मला अनेक वर्षे ठरवता आले नाही. कामाच्या पहिल्या दिवशी कंपनीने तिच्याकडून लिहून घेतले की, येथे काय काम चालते हे ती बाहेर कोणालाही सांगणार नाही. त्या 'कोणालाही'मध्ये सासू आणि मुलगीही येतात, असा तिने अर्थ घेतला. सात वर्षे तिने आम्हांला एकच उत्तर दिले.

"कंप्यूटरचं काम आहे, आई. बसून बसून करायचं."

"आजी, तुला सांगू? मम्मी जासूस आहे, पक्की," शर्वरी म्हणायची.

"जासूस सिटी बसमध्ये लटकत जात नाही," मी म्हणायचे.

"तीच तर खरी जासूस ना! कोणाला डाउटच नाही येत."

अमिता यावर हसत नसे. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत असे.

ती काय काम करते हे आता मला कळले आहे. जेवढे सांगण्यास हरकत नाही तेवढे येथे लिहिते. देशात काही निवडक घरे असतात. तेथील लोकांनी कागदावर संमती दिलेली असते. त्यांच्या टीव्हीच्या पडद्यावर जे दिसते त्याचा बारीकसा नमुना दर काही सेकंदांनी उचलला जातो. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो तसा हा चित्राचा ठसा समजावा. दुसरीकडे कंपनीच्या यंत्रात सर्व वाहिन्यांचे ठसे सारखे जमा होत असतात. यंत्र दोन्ही ठसे एकमेकांशी लावून पाहते. ते जुळले म्हणजे त्या घरात त्या वेळी कोणती वाहिनी चालू होती हे कळते. यात माणसाचे काही काम नसते. परंतु कधी दोन वाहिन्यांवर एकच सिनेमा चालू असतो, कधी केबलवाला चित्रावर स्वतःची पट्टी लावतो, आणि कधी चित्र कुठल्याच वाहिनीशी जुळत नाही. अशा वेळी त्या चित्राचा दहा सेकंदांचा मूक तुकडा माणसाकडे येतो. तो जेथे येतो त्या टेबलाला कार्यालयात डाउट टेबल म्हणतात. अमिता तेथे बसते.

तुकड्यावर घराचा पत्ता नसतो, केवळ क्रमांक असतो. तिने पाहून उत्तर द्यायचे: अमुक वाहिनी, किंवा घरची फीत, किंवा सांगता येत नाही. एका तुकड्याला तिला आठ सेकंद लागतात. गौतमपुऱ्याच्या केबलवाल्याची हिरवी पट्टी आणि हातोदच्या केबलवाल्याची हिरवी पट्टी यांतील फरक त्या संपूर्ण मजल्यावर तिलाच कळतो.

तेथे एक नियम फार कडक आहे. काम करणाऱ्याचे स्वतःचे घर त्या निवडक घरांत असता कामा नये, कारण मग कोणती वाहिनी किती पाहिली जाते या आकड्यांत ढवळाढवळ करता येईल. तसे आढळले तर त्याच दिवशी सांगायचे. लपवले तर नोकरी जाते. मागील वर्षी तिच्या समोरच्या खुर्चीवरील माणसाची गेली होती.

आता माझ्या सहीचा भाग लिहिते.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीला घेतलेला नवा टीव्ही भिंतीवर लागून काही दिवस झाले होते, तेव्हा दुपारी एक मनुष्य आला. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते आणि त्याचे बोलणे नम्र होते.

"माताजी, आप टीवी पर क्या देखती हैं, कंपनी को बस इतना जानना है. नाम कहीं नहीं जाएगा, सिर्फ नंबर. टीवी नया है, तो डिब्बा भी नहीं लगाना पड़ेगा, इसी में चालू हो जाएगा."

कागद चार पानांचा होता. त्यावरचे नाव अमिताच्या ठेकेदाराचे नव्हते. मी चष्मा लावून पहिले अर्धे पान वाचले. मी शब्दावर बोट ठेवून वाचते. तो घड्याळ पाहू लागला आणि मला संकोच वाटला.

"घर में कोई टीवी, विज्ञापन या सर्वे की लाइन में तो नहीं?" त्याने मध्येच विचारले.

"बहू कंप्यूटर का काम करती है," मी म्हणाले.

"तो फिर नहीं," असे म्हणून त्याने चौकटीत खूण केली. नंतर त्याने बॅगेतून शाईची डबी काढली आणि माझा अंगठा धरण्यासाठी हात पुढे केला.

चौसष्ट वर्षांची होईपर्यंत मी अंगठाच दिला आहे. रेशनच्या दुकानात दिला, बँकेत दिला, निशांतच्या मृत्यूच्या कागदावरही दिला. मी ती डबी बाजूला सरकवली.

"साइन करूँगी," मी म्हणाले.

मी चारही पानांवर माझे पूर्ण नाव लिहून सही केली. उरलेली साडेतीन पाने मी वाचली नाहीत. त्या मनुष्याने रिमोट घेऊन टीव्हीवर काही केले, कागदाची एक प्रत ठेवली आणि जाताना जेवण गरम ठेवणारा एक डबा भेट दिला. अमिता थंड पोळी खाते हे मला ठाऊक होते. पंधरा जानेवारीला तिचा वाढदिवस असतो. मी तो डबा आणि ती प्रत दोन्ही माझ्या ट्रंकेत ठेवली आणि कोणालाही काही सांगितले नाही.

डिसेंबरच्या शेवटी शर्वरीने निशांतच्या लग्नाची जुनी सीडी पेन ड्राइव्हमध्ये भरली आणि ती टीव्हीला कशी लावायची हे मला शिकवले. त्यानंतर मी रोज दुपारी दोन वाजता ती फीत पाहू लागले. त्यात निशांत चालतो, बोलतो, मामाला हाक मारतो. अमिताने तो गेल्यापासून ती फीत पाहिली नव्हती. फोटोंचा अल्बमही तिने वरच्या फळीवर ठेवला होता. म्हणून मी तिच्यापासून ही गोष्ट लपवली.

पाच जानेवारीला, सोमवारी, दुपारी अडीचच्या सुमारास अमिताच्या पडद्यावर एक न जुळलेला तुकडा आला. त्यात एक नवरी नवऱ्याला जिलबीचा घास भरवत होती. नवरा तोंड उघडून पुन्हा मिटत होता आणि भोवतीचे लोक हसत होते. आवाज नव्हता. अमिता म्हणते की, तिने स्वतःला ओळखण्याआधी त्या जिलबीला ओळखले. त्या जिलबीचा पाक तिच्या हिरव्या शालूवर सांडला होता आणि तो डाग अजून आहे.

शेजारच्या खुर्चीवर रजत नावाचा तरुण सहकारी बसतो.

"अमिताजी, काय अटकलं? कोणता सिनेमा आहे?"

"काही नाही. कुणाचं तरी लग्न आहे."

"दाखवा ना. अरे भिया! दूल्हा तर एकदम हीरो दिसतोय. वहिनी मात्र फार घाबरलेली आहे. शंभर टक्के अरेंज मॅरेज."

"तुमच्याकडे काम नाही का, रजत?"

"आहे ना, पण त्यात जिलबी नाही."

'घरची फीत' हे खरे उत्तर होते. परंतु ते दाबले की पडद्यावर पुढचा प्रश्न येतो: यातील कोणाला आपण ओळखता का? अमिताने 'सांगता येत नाही' हे दाबले. सात वर्षांत तिने जाणूनबुजून दिलेले ते पहिले खोटे उत्तर होते.

त्या संध्याकाळी तिने चप्पल काढण्याआधीच मला विचारले, "आई, दुपारी तुम्ही टीव्हीवर काय पाहता?"

"कीर्तन," मी म्हणाले.

"लग्नाची फीत नाही ना पाहत?"

"ती मी कशाला पाहू?"

हे मी तिच्या मनाला लागू नये म्हणून बोलले. परंतु त्या उत्तराने मी तिचे चार दिवस नासवले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि ते घर दुसऱ्या कोणाचे असेल अशी आशा धरली. त्या सीडीच्या तीन प्रती होत्या. गौतमपुऱ्याच्या माझ्या भाचीची प्रत कधीच हरवली होती. उरले अमिताचे माहेर. तिने लगेच देवासला भावाला फोन लावला.

"दादा, तुमच्याकडे नवा टीव्ही घेतला का?"

"नाही गं. का? पाठवतेस का एखादा?"

तिने फोन ठेवला आणि गॅस बंद आहे की नाही हे तीनदा पाहिले.

मंगळवारी तो क्रमांक पुन्हा आला, बुधवारीही आला. वेळ तीच, दुपारी दोननंतरची. फीत बहुतेक वेळा त्या घासापाशीच मागे नेऊन पुन्हा लावलेली असे. अमिता दर वेळी 'सांगता येत नाही' दाबत राहिली. बुधवारी एक तुकडा रजतकडे गेला.

"अमिताजी, तुमचं लग्न आज माझ्याकडे आलं!" तो मोठ्याने म्हणाला.

तो केवळ तिने सोमवारी पाहिलेल्या लग्नाविषयी बोलत होता. अमिताच्या हातातील पाण्याची बाटली खाली पडली. रजतने 'घरची फीत' दाबले, पुढच्या प्रश्नाला 'नाही' म्हटले, आणि तो फडके आणायला उठला.

घरी ती आमटीत मीठ दोनदा घालू लागली. जेवताना ती घास हातात घेऊन दाराकडे पाही.

"मम्मी, ऑफिसमध्ये कोणी परेशान करतंय का तुला?" शर्वरीने विचारले.

"नाही."

"मग मी करतेय?"

"तू तर जन्मापासून करतेस."

"चला, मम्मी जिवंत आहे," शर्वरी म्हणाली. परंतु तिनेही त्या दिवशी दुसरी पोळी घेतली नाही. मी दोघींकडे पाहत होते आणि मला काहीच समजत नव्हते.

शुक्रवारी अमिताने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी तिने तिच्या किल्लीने दार उघडले. मी टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर निशांत जिलबीसाठी तोंड उघडून मिटत होता. मी रिमोट शोधू लागले, पण तो माझ्या मांडीवरच होता आणि मला सापडला नाही.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. ती फीत संपेपर्यंत उभी राहिली. तिकीट तिच्या हातात होते.

"मी तुला खोटं सांगितलं," मी म्हणाले. "तुला वाईट वाटेल म्हणून."

"कोणी घरी आलं होतं का? कागद घेऊन?"

मी ट्रंक उघडली. मला अजूनही वाटत होते की माझी सही पाहून तिला आनंद होईल. तिने चारही पाने चाळली आणि तिसरे पान माझ्या हातात दिले.

"हे वाचा. मला वाचवत नाही."

मी बोट ठेवून वाचले. घरातील कोणतीही व्यक्ती दूरचित्रवाणी, जाहिरात किंवा प्रेक्षक-मोजणीच्या कामात नाही, असे मी लिहून देत आहे, असा त्याचा अर्थ होता. त्याखाली माझे नाव होते. अक्षर चांगले होते.

अमिता जमिनीवर बसली आणि तिने मला सात वर्षांत प्रथमच सांगितले की ती काय काम करते. त्यानंतर तिने भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिले.

"रिमोटवर दोन बटणं दाबली की हे बंद होतं, आई. मग तुकडे यायचे थांबतील. कुणाला कळणार नाही."

"मग दाब," मी म्हणाले. मी तसे म्हणाले हे मी लपवीत नाही.

तिने रिमोट बराच वेळ हातात धरला. "आणि मग? सोमवारी रजत नुसता माझ्याकडे पाहून हसला तरी मला वाटेल, कळलं. रोज वाटेल. रिटायर होईपर्यंत वाटेल." तिने रिमोट टीव्हीखालच्या फळीवर ठेवला. "पाच दिवस उशीर झालाच आहे. लपवलं तर नोकरी जाते, असा नियम आहे. मी लपवलंच ना."

"मी येते तुझ्याबरोबर. चूक माझी आहे."

"तुम्ही नाही यायचं. तिथे बाहेरच्यांना आत घेत नाहीत."

म्हणून मी पत्र लिहिले. माझ्या हाताने लिहिलेला तो पहिला अर्ज होता आणि त्याला तीन तास लागले. त्यात मी लिहिले की, सुनेने घरी कामाविषयी एक शब्दही सांगितला नव्हता, कारण तिने आपला नियम पाळला. म्हणूनच मला तिचे काम ठाऊक नव्हते आणि म्हणूनच मी खोटे लिहून दिले. कागद न वाचता सही करणारी मी आहे. शिक्षा व्हायची असेल तर माझे नाव घ्यावे. पत्रासोबत मी भेट मिळालेला तो डबाही पिशवीत घातला. तो परत करणे योग्य होते.

शनिवारी मी तिच्यासोबत विजयनगरला गेले आणि खाली पहारेकऱ्याच्या बाकावर बसले. वर काय झाले ते अमिताने सांगितले तसे लिहिते. तेथील अधिकाऱ्यांचे नाव अश्विनजी. त्यांनी पत्र वाचले, नंतर पिशवीत पाहिले.

"हे काय आहे?"

"डबा आहे, सर. त्यांना भेट मिळाला होता."

"यात काही आहे?"

"नाही, सर. घासून आणलाय."

अश्विनजींनी डबा टेबलाच्या कडेला ठेवला आणि कंप्यूटरवर तिच्या कामाची नोंद उघडली. एका तुकड्याला किती वेळ लागला हे तेथे आपोआप लिहिले जाते. आम्हांला हे माहीत नव्हते.

"सोमवार, दोन वाजून एकतीस मिनिटं," ते म्हणाले. "एका क्लिपवर अकरा मिनिटं. तुमचं अॅव्हरेज आठ सेकंद आहे, अमिताजी. अकरा मिनिटं काय करत होता?"

"पाहत होते, सर."

"दहा सेकंदांची क्लिप?"

"परत परत लावून."

त्यांनी नोंद बंद केली. मग म्हणाले की, ही नोंद तशीही मुख्य कार्यालयात गेली असती, आज नाही तर महिनाअखेर. निर्णय त्यांच्या हातात नाही. चौकशी होईल, तोपर्यंत तिने कामावर येऊ नये. घराचा क्रमांक यादीतून काढला जाईल आणि तुकडे पुसले जातील. डबा मात्र घरी न्यावा, कारण तो जमा करून घेण्याची त्यांच्याकडे कोणतीच पद्धत नाही.

ती खाली आली तेव्हा पिशवी तिच्या हातात होती. मला वाटले की तिने पत्र दिलेच नाही.

"दिलं," ती म्हणाली. "विचारलं त्यांनी, हे कोणी लिहून दिलं? मी म्हटलं, सासूबाईंनी स्वतः."

त्यानंतरचे सतरा दिवस मला नीट लिहिता येणार नाहीत. अमिता आठ वाजून दहा मिनिटांनी तयार होऊन बसे आणि मग तिला आठवे. तिने सर्व डबे धुतले, पंख्याची पाती पुसली, शर्वरीची फाटकी दप्तरेही शिवली. पोस्टमनची सायकल वाजली की ती गच्चीवर जाई. वाढदिवसाच्या दिवशी मी तो डबा तिला दिला नाही. तो ओट्यावर तसाच राहिला आणि त्यात कोणी काही ठेवले नाही. शर्वरीने एकदाच मस्करी केली. "आजी, तुला जेलमध्ये पेन मिळेल का, विचारून ठेव." मी म्हणाले, "मिळो वा न मिळो, अंगठा देणार नाही." अमिता त्या वेळी हसली आणि लगेच रडली. वर्गात मी त्या दिवसांत एकही ओळ लिहिली नाही.

सत्तावीस जानेवारीला, मंगळवारी सकाळी, कुरिअरने पाकीट आले. ठेकेदाराची पत्रे हिंदीत असतात. अमिताने पाकीट फोडले, कागद उलगडला आणि न पाहता माझ्याकडे दिला.

"तुम्ही वाचा, आई."

शर्वरी माझ्या खांद्यावरून पाहू लागली. मी कागद छातीशी धरला.

"तू नाही. तिने मला सांगितलं आहे."

मी चष्मा लावला, पहिल्या शब्दावर बोट ठेवले आणि वाचू लागले. वर पत्ता होता. मग तारीख, मग विषय. विषयाची ओळच दोन ओळींची होती.

"आई, शेवट आधी पाहा ना," अमिता म्हणाली. तिने ओट्याची कड धरली होती. "फक्त शेवट."

"नाही," मी म्हणाले. "वरूनच वाचायचं."

शर्वरीने "आजी!" असे म्हणून डोक्याला हात लावला. मी थांबले नाही. पहिल्या परिच्छेदात घडलेली हकीकत होती. दुसऱ्यात नियमाचा क्रमांक होता आणि तो मोडला गेल्याचे लिहिले होते. तेथे अमिताने डोळे मिटले. "पाँच दिन का विलंब" येथे मी चष्मा काढून पुसला. मी पाणी प्यायले आणि पुन्हा त्याच शब्दावर बोट ठेवले. तिसऱ्या परिच्छेदात माझ्या पत्राचा उल्लेख होता. त्यांनी ते 'संलग्न प्रार्थना-पत्र' असे म्हटले होते. त्यानंतर लिहिले होते की, गोपनीयतेचा नियम घरातही पाळल्याचे दिसून येते, म्हणून लेखी चेतावणी, म्हणजे ताकीद, देण्यात येते.

"चेतावणी म्हणजे पुढे काय?" अमिता म्हणाली. "पुढे वाचा."

"वाचत आहे."

"आपकी सेवाएँ," मी वाचले आणि बोट पुढे सरकवले, "यथावत... जारी... रहेंगी."

शर्वरी ओरडली. अमिता तशीच उभी होती. तिचे डोळे मिटलेलेच होते.

"अजून आहे का काही खाली?" तिने विचारले.

दोन ओळी होत्या. तिने गुरुवारी सकाळी नऊ वाजता हजर व्हावे आणि पत्र मिळाल्याची सही करून एक प्रत परत पाठवावी, असे त्यांत होते. मी त्याही वाचल्या. सर्वांत खाली कोणाची सही होती, तेही वाचले. मग मी कागद तिच्यापुढे ठेवला, आणि तिने तो स्वतः पहिल्यापासून पूर्ण वाचल्याशिवाय तिला पेन दिले नाही.

गुरुवारी ती आठ वाजून दहा मिनिटांनी निघाली. पर्समध्ये दोन चष्मे होते. ओट्यावरच्या त्या भेटीच्या डब्यात मी दोन पोळ्या आणि मेथीची भाजी भरली होती.